बंडोपंतांचा श्रावण

साहेबांनी विचारलं, "चिंतामणी, महिनाभर माझा मासा सांभाळाल का?" आणि मी "हो" म्हणालो. माझ्याकडून झालं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं, त्यात माझा काही हात नव्हता, असं मी अजूनही लोकांना सांगतो. (कोणी विश्वास ठेवत नाही.)

"हो" म्हणण्याचा मला लहानपणापासूनचा आजार आहे. लग्नाच्या वेळीही मी असाच "हो" म्हणून बसलो होतो. (हे वाचल्यावर प्रमोदिनी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. त्यालाही मी "हो"च म्हणणार आहे.) पण या खेपेच्या "हो"मागे कारण होतं. आमच्या खात्याच्या मोखाड्याच्या कचेरीत एक कारकून कमी पडत होता आणि तो महाडने द्यावा असं वरून कळवण्यात आलं होतं. महाडात कारकून आम्ही दोघे, कमलाकर आणि मी. नाव साहेबांनी सुचवायचं होतं. कमलाकरची सासुरवाडी जव्हारची, मोखाड्याच्या शेजारची, त्यामुळे तो एका पायावर तयार होता. पण साहेब त्याला सोडायला तयार नव्हते. कमलाकरच्या टायपिंगमध्ये खाडाखोड नसायची. माझ्या खाडाखोडीत मधूनमधून टायपिंग असायचं.

इकडे प्रमोदिनीला, कित्येक वर्षं अर्ज करून करून, नुकतीच महाडच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. सकाळची शाळा. उजाडता उजाडता पदर खोचून आणि छत्री काखेत मारून ती निघायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी मोखाड्याला गेलो असतो तर एक तर तिला नोकरी सोडावी लागली असती, नाहीतर दोन गावांत दोन चुली मांडाव्या लागल्या असत्या. मला दोन्ही नको होतं. ती शाळेतून आली की दारातच चपला काढता काढता वर्गातल्या गमती सांगायला लागायची, ते मला हवं होतं. त्यासाठी साहेबांचा मासाच काय, मी मगरसुद्धा सांभाळली असती.

मासा मात्र मगरीच्या मानाने फारच लहान निघाला. अंगठ्याएवढा. हिरवट पिवळा रंग, पाठीवर काळे ठिपके, पोट पांढरंशुभ्र. साहेबांनी तो मुंबईच्या दुकानातून आणला होता. खाडीकडची माणसं या जातीला केंड म्हणतात. घाबरला की तो फुगून चेंडू होतो. साहेबांनी त्याचं नाव बंडोपंत ठेवलं होतं. बंडोपंतांचे दोन डोळे दोन दिशांना फिरत. एक डोळा माझ्यावर, दुसरा साहेबांवर. एकाच वेळी असं दोघांवर लक्ष ठेवणारा दुसरा प्राणी मी फक्त आमच्या हेडक्लार्कच्या रूपात पाहिला आहे.

सबनीस साहेब मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाले होते. बाईसाहेब आधीच गेलेल्या. साहेबांनी मला नीट समजावून सांगितलं.

"पाण्यात थोडं खडेमीठ घालायचं. खाण्याचा डबा सोबत दिलाय. आणि एक काम करा. हा एकटा राहून राहून सुस्तावलाय. याला सोबत बघा."

"दुसरा मासा आणू, साहेब?"

"छे! गप्पी ठेवले, त्यांच्या शेपट्या कुरतडल्या. मॉली ठेवली, तिचे डोळेच काढले. एवढासा दिसतो, पण शिकारी आहे. दुकानदार म्हणाला, बिनकण्याचा प्राणी ठेवून बघा. गोगलगाय, कोळंबी, खेकडा, असलं काहीतरी. पण सोबत टिकली पाहिजे हं. मी येईन तेव्हा मला ती जिवंत दिसली पाहिजे."

"हो साहेब," मी म्हणालो. ("बिनकण्याचा प्राणी" हे शब्द उच्चारताना साहेब माझ्याचकडे का बघत होते, हे मी विचारलं नाही.)

आमचा शिपाई भिकाजी काचेची पेटी डोक्यावर घेऊन आला. तो पाचाडचा. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला जगातलं सगळं कळतं असं त्याचं ठाम मत होतं. पेटी बाहेरच्या खोलीत रेडिओशेजारी बसली. महाडात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होता, त्यामुळे संध्याकाळी आळीतली मंडळी आमच्याकडे मासा बघायला येऊन बसू लागली. प्रमोदिनी सगळ्यांना चहा करी आणि बंडोपंत एकेका डोळ्याने सगळ्यांची हजेरी घेत.

मग श्रावण लागला, आणि प्रमोदिनीने तो खाण्याचा डबा उघडला.

"अहो, हे काय आहे?"

"बंडोपंतांचं खाणं."

"ही सुकट आहे!"

"वाळवलेली बारीक कोळंबी आहे. दुकानदार तिला फिश फूड म्हणतो."

"दुकानदार काहीही म्हणेल. माझ्या घरात एरवी कधी हे आलं नाही, ते श्रावणात येणार?"

आमचं घर शाकाहारी आहे. (मी ऑम्लेट खातो, पण ते पोलादपूरच्या स्टँडवर. महाडच्या हद्दीत नाही. आणि श्रावणात तेही नाही.) तो डबा तत्काळ आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बनुबाईच्या हवाली झाला.

"पण मग तो खाणार काय?" मी विचारलं.

"जे आपण खातो ते. महिनाभर वरणभात खाऊन कोणी मरत नाही. तुम्ही मेलात का?"

बंडोपंतांचा श्रावण सुरू झाला.

पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे भिजवलेले पोहे पडले. त्यांनी एक दाणा तोंडात घेतला, जरा विचार केला आणि तो इतक्या जोरात बाहेर फेकला की काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. मग काकडीची कोशिंबीर झाली, वरणभाताची शितं झाली. सोमवारी साबुदाणा. "उपासाचा आहे हो, शेंगदाण्याचं कूट नाही घातलेलं," असं प्रमोदिनीने त्यांना काचेतून समजावूनही सांगितलं. बंडोपंत एक डोळा साबुदाण्यावर ठेवायचे आणि दुसरा माझ्यावर. त्या दुसऱ्या डोळ्यात जे असायचं ते मला बघवत नसे. त्यांचं पांढरं पोट आत आत जाऊ लागलं. साहेब परत आले आणि पेटीत नुसतं खारट पाणी दिसलं, तर मोखाड्याची एसटी पकडण्यावाचून मला गत्यंतर उरलं नसतं.

तेव्हाच मला सोबतीची आठवण झाली. खाणं आणायला बंदी होती. सोबत आणायला नव्हती! सोबत आणायची असा तर साहेबांचा हुकूमच होता. आता आणलेली सोबत बंडोपंतांनी पुढे काय करायची हा त्यांचा आपापसांतला प्रश्न. त्यात मी कोण बोलणार? एवढी हुशारी मी कचेरीत दाखवली असती तर आज साहेब झालो असतो.

प्रमोदिनीला मी सोबतीबद्दल सांगितलं, तर ती एकदम हळवी झाली. "आणा की हो. एकटा असतो बिचारा. आपण दोघं बाहेर गेलो की कोणाशी बोलणार तो?"

भिकाजीचा सल्ला घेतला.

"भाऊसाहेब, तुमी नुस्ते गप बसा. आमच्या भातखाचरात गोगलगायींचा खच पडलाय. बारीक बघून आणतो. गरीब जनावर. भांडन नाय, तंटा नाय."

दुसऱ्या दिवशी गोगलगायी अळूच्या पानातून आल्या. प्रमोदिनीने त्या स्वतःच्या हाताने अलगद पाण्यात सोडल्या. "आता भांडू नका हं," असं तिने पेटीला सांगितलं. (वर्गातलंच वाक्य असावं.) बंडोपंत कोपऱ्यातून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचे दोन्ही डोळे एकाच दिशेला होते.

सकाळी पेटीत शंख होते. गोगलगायी नव्हत्या.

"अहो, या हलत का नाहीत?" प्रमोदिनीने विचारलं.

"झोपल्यात."

"सगळ्या?"

"श्रावण आहे. जागरण झालं असेल."

ती छत्री काखेत मारून शाळेत गेली. मी रिकामे शंख काढून खिशात घातले आणि भिकाजीने आणून ठेवलेल्या ताज्या गोगलगायी आत सोडल्या. रोजचा हा माझा नेम होऊन बसला: ती शाळेत गेली की मी शंख बदलायचो, मग आंघोळ, मग कचेरी. खिशातले शंख गांधारीच्या पुलावरून नदीत टाकायचे. बंडोपंतांचं पोट भरू लागलं, रंग उजळला. पण माझं मन मला खात होतं. बायकोशी खोटं बोलायची मला सवय नाही. (म्हणजे बोलतो, पण पचत नाही.) शिवाय मुख्य पंचाईत तशीच होती: साहेबांना दाखवायला टिकणारी सोबत हवी होती, आणि इथे एकही सोबत सकाळचा चहा बघत नव्हती.

"कोलंबी आना," भिकाजी म्हणाला. "लय चपळ. त्याच्या बापाला गावायची नाय."

सावित्री नदीतली जिवंत कोळंबी आली. काचेसारखी आरपार, टणाटण उड्या मारणारी. बंडोपंतांनी पाठलाग केलाच नाही. ते एका जागी थांबले आणि कोळंबी दमेपर्यंत वाट बघत राहिले. संध्याकाळी पाण्यावर तरंगत होत्या त्या नुसत्या मिशा.

"उड्या मारून बाहेर गेली वाटतं," मी प्रमोदिनीला म्हणालो.

"मिशा विसरून?" असं विचारून ती स्वयंपाकघरात गेली.

भिकाजीने आता गोष्ट मनाला लावून घेतली. तो शेताच्या बांधावरचा मुठा घेऊन आला. मुठा म्हणजे गोड्या पाण्यातला खेकडा. नांगी केवढी, तर माझ्या करंगळीला पुरेल एवढी. "आता ह्याला कोन खातंय ते मी बगतो," असं म्हणून त्याने तो पेटीत सोडला. बंडोपंतांनी त्याला पाहिलं आणि ते फुगले. फुगले म्हणजे केवढे? चांगले लिंबाएवढे, अंगावर काटे उभे! तो चेंडू आपल्याकडे तरंगत येतोय हे पाहून मुठ्याने क्षणभरही विचार केला नाही. पेटीत हवा सोडणाऱ्या पंपाची नळी नांग्यांत धरून तो सरसर वर चढला आणि पलीकडे उतरून दिसेनासा झाला. भिकाजीने आणि मी कपाटाखाली, कॉटखाली, रेडिओच्या मागे, सगळीकडे शोधला.

तो शुक्रवार होता. आत प्रमोदिनी जिवतीची आरती म्हणत होती. आरती चालू असताना मध्येच तिचा सूर एवढा वर गेला की मला वाटलं देवी प्रसन्न झाली. आत जाऊन बघतो तो प्रमोदिनी पाटावर उभी, आणि मुठा समईला वळसा घालून पुरणाच्या नैवेद्याकडे आडवा आडवा निघालेला. मी झटकन पुढे झालो, म्हणजे प्रमोदिनीच्या शेजारी पाटावर चढलो. बनुबाई भांडी टाकून आली. तिने दोन बोटांत खेकडा पाठीमागून धरला आणि न्याहाळला.

"चांगला भरलेला हाय गो वयनी. पन आमचा बी श्रावन हाय."

ती तो घरी घेऊन गेली आणि म्हणे श्रावण संपेपर्यंत तिने तो मडक्यात जपला. त्यापुढची चौकशी मी केली नाही.

शेवटी मीच उठलो. रविवारी दासगावच्या खाडीवर गेलो आणि चिखलात गुडघाभर रुतून दगडाला चिकटलेली एक काळी गोगलगाय काढली. सुपारीएवढी, शंख असा जाड की पायाखाली आली तर पायच मोडावा. तिच्या तोंडाला स्वतःचं झाकण होतं. बंडोपंत आले आणि त्यांनी आपलं चोचीसारखं तोंड तिच्यावर मारलं. तिने दार लावून घेतलं. बंडोपंत वाट बघत थांबले. तीही थांबली. संध्याकाळी कंटाळून तेच निघून गेले, मग तिने दार उघडलं आणि ती शांतपणे काच चाटत पुढे सरकली. प्रमोदिनीने तिचं नाव माई ठेवलं. दोन दिवस झाले, चार झाले, माई होती तिथेच. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी एक पत्र खाडाखोड न करता टाइप केलं.

पण माणसाला सुख लाभत नाही. बंडोपंत फुगू लागले. घाबरून फुगतात तसं नव्हे. जाडच होऊ लागले. मी गोगलगायी निम्म्या केल्या. ते वाढतच राहिले. मग मी गोगलगायी अजिबात बंद केल्या. ते आणखी वाढले! वळायला गेले की पोट मागे राही आणि डोकं पुढे जाई. हे जलोदराचं लक्षण, अशी माझी खात्री झाली. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर गोगलगायींपासून सांगावं लागलं असतं.

आणि शनिवारी दुपारी, काही न कळवता, साहेब दारात उभे राहिले. मुलगी सुखरूप बाळंत झाली होती, नात झाली होती, हातात पेढ्यांचा पुडा होता. भिकाजी मागून त्यांची बॅग घेऊन आला. साहेब सरळ पेटीकडे गेले. बंडोपंत तळाशी, माईला टेकून, निश्चल पडले होते.

"फुगलाय," साहेब म्हणाले. "मला बघून दचकला असेल. उतरेल जरा वेळाने."

आम्ही सगळे उतरण्याची वाट बघत बसलो. पेढे खाल्ले. चहा झाला. बंडोपंत उतरले नाहीत.

साहेबांचा आवाज बदलला. "काय खायला घातलंत याला?"

"वरणभात, साहेब," मी म्हणालो.

तेवढ्यात बंडोपंतांनी तोंड उघडलं आणि एक कोळंबीचं शेपूट बाहेर टाकलं. ते सावकाश तरंगत वर आलं.

"हे वरण आहे का भात?" साहेबांनी विचारलं.

मोखाड्याची एसटी डोळ्यांसमोर आली, तिच्या खिडकीत मी, आणि स्टँडवर छत्री घेऊन उभी असलेली प्रमोदिनी. मी सगळं ओकून टाकलं. "साहेब, चूक माझी. मी रोज सकाळी गोगलगायी घालत होतो. हिला माहीत नाही. हिने श्रावण अगदी कडक पाळलाय. पण कोळंबी मी एकदाच आणली हो, खरंच एकदाच!"

प्रमोदिनी पदराशी चाळा करत उभी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कोळंबी माझी," ती म्हणाली.

"काय?"

"बनुबाई दुपारी आणून द्यायची. मी शाळेतून येऊन जेवायला बसले की तो माझ्या ताटाकडे बघायचा. एका डोळ्याने ताटाकडे आणि एका डोळ्याने माझ्याकडे. मला घास गिळवेना हो! आणि तुमच्या गोगलगायी झोपल्यात म्हणे. मला काय कळत नव्हतं? पण कळलंय असं म्हटलं असतं तर मला तुम्हाला ते बंद करायला सांगावं लागलं असतं."

मला एकदम तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की साहेब समोर नसते तर मी काहीतरी बोललो असतो.

"सायेब," दारातून भिकाजी खाकरला, "थोडं माझं बी हाय. भाऊसाहेबांनी बंद केल्यात म्हनल्यावर मला वाटलं, बिचारा उपाशी मरंल. पत्रं टाकायला जाता येता खिडकीतनं मूठभर गोगलगायी शंख फोडून टाकत व्हतो."

म्हणजे ज्याला आम्ही साऱ्या आळीदेखत श्रावण पाळायला लावला होता, तो तिघांच्या हातचं चोरून सामिष जेवत होता, आणि वाढणारे आम्ही तिघेही एकमेकांपासून लपत होतो.

साहेब हसायला लागले. खुर्चीचे हात धरून हसले, चष्मा काढून हसले. "अहो, याला काही झालेलं नाही. याला अजीर्ण झालंय! आता याला दोन दिवस खरा उपास घाला. आणि ही कोण?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं. माई दार उघडून बंडोपंतांना ओलांडून चालली होती. "सोबत टिकली की! शाबास." मग त्यांनी खुर्ची पेटीजवळ ओढली. "माझ्याकडे हा कधी असा खातापिता दिसला नाही. रुसूनच असायचा. राहू दे इथेच. मी संध्याकाळी येऊन बघून जात जाईन."

मी मान डोलावली. पुढचं विचारायची हिंमत होत नव्हती. साहेबांनीच विषय काढला.

"आणि ते मोखाड्याचं. कमलाकरचं नाव कळवून टाकतो सोमवारी. तो आनंदाने जाईल. तुम्ही महाडातच राहा."

प्रमोदिनीने दाराची कड घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. माझी छाती शर्टाच्या बटणांना ताण देण्याइतकी वर आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पहिल्यांदाच माझी किंमत ओळखली होती. आपणही जरा नम्रपणे काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "साहेब, कचेरीत माझी गरज आहे असं आपल्याला वाटलं, हेच मला..."

"कचेरीत? छे छे," साहेब म्हणाले. "कचेरीत तशी काही अडचण नव्हती. पण तुम्हाला पाठवलं तर एक तर वहिनीही जाणार, मग बंडोपंतांना बघणार कोण? किंवा त्या एकट्या राहणार. त्यांनाही घरात कोणीतरी सोबत हवी ना."

"हो साहेब, हे असू देत," प्रमोदिनी डोळे पुसत म्हणाली. "यांचा काही त्रास नसतो. वेळेवर खायला मिळालं की एका जागी पडून असतात."